चौथा टेम्पो काढायचा, की आधी आहेत त्या तिघांचा रिपोर्ट वाचायचा?



गाड्यांच्या धंद्यावरचा हा आपला दुसरा भाग. व्हिडिओमध्ये आकडे पटापट पुढे सरकतात, म्हणून तेच इथे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कॅल्क्युलेटर मोबाईलमध्ये आहेच.

आज एकच प्रश्न सोडवायचा आहे. रेवदंडा, बोर्ली, मुरूड, दिघी, श्रीवर्धन या पट्ट्यात मासळीची किंवा इतर मालाची वाहतूक करणारे लोक तो हमखास विचारतात: "सर, धंदा भरपूर आहे, पण गाड्या कमी पडतात. अजून एक टेम्पो काढू का?"

कर्ज मिळतं, शोरूमवाला घरी येऊन कागद करून देतो, दसऱ्याला हार घातलेली गाडी दारात उभी राहते. पण हप्ता एकदा सुरू झाला की चार-पाच वर्षं मागे फिरता येत नाही. मासळी कमी लागली तरी हप्ता तेवढाच, जून-जुलैत बंदी असली तरी हप्ता तेवढाच. म्हणून "हो" म्हणायच्या आधी आहेत त्या गाड्या नक्की किती काम करतायत ते बघायचं. ते डोळ्यांनी दिसत नाही, कागदावर दिसतं. त्या कागदाला आपण रिपोर्ट म्हणू.

एसटीच्या डेपोत काय मोजतात?

"रिपोर्ट वगैरे मोठ्या कंपन्यांचं काम" असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या लाल परीकडे बघावं. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, आणि आज आपल्या रायगड विभागाचं कार्यालय पेणला आहे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, रोहा, महाड, कुठल्याही आगारात विचारा, ठरलेले आकडे निघतात: एकूण गाड्यांपैकी आज रस्त्यावर किती, एक गाडी दिवसाला किती किलोमीटर चालली, एक लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर, दहा हजार किलोमीटरमागे वाटेत किती वेळा बंद पडली, किलोमीटरमागे उत्पन्न किती आणि खर्च किती. आणि प्रवाशांसाठी भारमान, म्हणजे शंभर सीटमागे किती भरल्या. पुण्यात भोसरीला १९६७ पासून सीआयआरटी ही संस्था आहे, देशभरातल्या परिवहन महामंडळांच्या लोकांना ती हेच काम शिकवते. सगळीकडे माप एकच असल्यामुळे महाराष्ट्राची एसटी आणि कर्नाटकची एसटी शेजारी ठेवून बघता येते.

आता कोणी म्हणेल, एवढं सगळं मोजूनही एसटीच्या गाड्या जुन्या झाल्या, त्याचं काय? बरोबर आहे. आकडा कळणं वेगळं आणि त्यावर वेळेत पैसा खर्च करणं वेगळं. पण तुमच्याकडे एक सोय आहे जी एसटीकडे नाही: आकडा बघणारा आणि पैसा काढणारा माणूस एकच आहे, तुम्ही.

एसटीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ड्रायव्हरची लॉगशीट. ड्युटी संपली की गाडीत काय तक्रार आहे ते लिहून द्यायचं. आपल्याकडे काय होतं? ड्रायव्हर फोनवर सांगतो, "शेठ, क्लच जरा सुटतोय," तुम्ही म्हणता, "बघू उद्या," आणि तो उद्या गाडी घाटात उभी राहिली की उगवतो.

तुमची वही

प्रत्येक गाडीला एक पान, रोज एक ओळ. तारीख, ड्रायव्हर, मीटरचं सकाळचं आणि रात्रीचं रीडिंग, डिझेल किती लिटर, भाडं किती मिळालं, खर्च किती झाला, ड्रायव्हरची तक्रार काय. रीडिंगसाठी ड्रायव्हरला मीटरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायला सांगा, वाद होत नाहीत.

डिझेल टाकी फुल ते टाकी फुल असंच मोजा. आज टाकी गळ्यापर्यंत भरली, मीटर लिहिलं. पुढच्या वेळी पुन्हा गळ्यापर्यंत भरताना जेवढे लिटर बसले, तेवढेच मधल्या किलोमीटरना लागले. "हजारचं टाक, दोन हजारचं टाक" अशा हिशोबातून ॲव्हरेज कधीच निघत नाही.

हे बरेच जण करतातही. पण दोन रकाने जवळजवळ कोणीच ठेवत नाही आणि खरा रिपोर्ट त्या दोनच रकान्यांत असतो.

पहिला: गाडी उभी राहिली तर का? नुसतं "गाडी बंद" लिहायचं नाही. पाच कारणांपैकी एक लिहायचं: गॅरेजमध्ये काम चालू, पार्टची वाट, ड्रायव्हर नाही, माल नाही, कागद नाही. कागद म्हणजे फिटनेस, विमा, पीयूसी. "गाडी गॅरेजला होती" या एका वाक्यात मेकॅनिकचं काम आणि पार्टची वाट दोन्ही लपतात. औषध मात्र दोघांचं वेगळं आहे.

दुसरा: नाही म्हटलेली फेरी. व्यापाऱ्याचा फोन आला, गाडी नव्हती, तुम्ही नाही म्हणालात. त्या दिवशीच लिहून ठेवा. "धंदा भरपूर आहे" हे वाक्य खरं की खोटं, ते या रकान्यावरून ठरतं.

एका ऑक्टोबरचा हिशोब

समजा रेवदंड्याला तुमच्या तीन गाड्या आहेत. नवी पिकअप दोन वर्षांची, मधली पाच वर्षांची, जुनी नऊ वर्षांची. नवी आणि मधली मासळी घेऊन मुंबईला जातात, वडखळ-पेण-पनवेलवरून जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, फेरीचं भाडं ५,००० रुपये. जुनी अलिबागच्या आसपास लोकल चालते, दिवसाचे १,९०० रुपये. डिझेल सोयीसाठी ९० रुपये लिटर धरू. ऑक्टोबरमध्ये धंद्याचे दिवस २६. आकडे समजावण्यासाठी घेतलेत, तुमचे वेगळे असतील, पद्धत तीच.

नवी: २४ फेऱ्या, ५,४०० किमी, डिझेल ४१५ लिटर, ॲव्हरेज १३. उत्पन्न १,२०,०००. डिझेल ३७,३५०, दुरुस्ती ४,०००, ड्रायव्हर २०,०००, टोल आणि किरकोळ ३,६००, हप्ता १७,०००. हातात ३८,०५०.

मधली: १७ फेऱ्या, ३,८२५ किमी, डिझेल ३४० लिटर, ॲव्हरेज सव्वाअकरा. उत्पन्न ८५,०००. डिझेल ३०,६००, दुरुस्ती १९,५००, ड्रायव्हर २०,०००, टोल आणि किरकोळ २,५५०, हप्ता संपलेला. हातात १२,३५०.

जुनी: २३ दिवस, १,६१० किमी, डिझेल १४० लिटर, ॲव्हरेज साडेअकरा. उत्पन्न ४३,७००. डिझेल १२,६००, दुरुस्ती ३,२००, ड्रायव्हर १६,०००. हातात ११,९००.

(विमा, टॅक्स हे वर्षाचे खर्च यात नाहीत. त्यांना बाराने भागून स्वतंत्र ओळ करा.)

आता बघा. मालकाच्या डोक्यात काय असतं? "जुनी काढून टाकू, ती काही कमावत नाही." पण ४३ हजारांचं उत्पन्न असलेली जुनी आणि ८५ हजारांचं उत्पन्न असलेली मधली, हातात देतायत जवळपास सारखंच. भाड्याची पावती बघून गाडीची लायकी ठरवू नका, असं मी वारंवार का सांगतो ते इथे कळेल.

पुढचा आकडा महत्त्वाचा. तीन गाड्या गुणिले २६ दिवस म्हणजे ७८ दिवस तुमच्याकडे होते. चालले किती? २४ अधिक १७ अधिक २३, म्हणजे ६४. ६४ ला २६ ने भागा: जेमतेम अडीच. तीन गाड्यांचा विमा भरताय, तीन ड्रायव्हरना पगार देताय, आणि रस्त्यावर आहेत अडीच गाड्या. अर्धी गाडी तुमच्या अंगणात उभी आहे आणि तुम्ही चौथी आणायला निघालाय.

मधली गाडी नऊ दिवस का उभी होती?

कारणांचा रकाना काढा. गॅरेजमध्ये प्रत्यक्ष काम २ दिवस. पार्टची वाट ४ दिवस. ड्रायव्हर नाही २ दिवस. माल नाही १ दिवस.

मेकॅनिकला शिव्या घालायची आपल्याला सवय असते, पण त्याने दोनच दिवस घेतले. चार दिवस गाडी नुसती जॅकवर होती: आधी क्लच प्लेट पनवेलहून यायची म्हणून दोन दिवस, मग उघडल्यावर व्हील बेअरिंगही गेलेलं निघालं, त्यासाठी अजून दोन.

आता तक्रारींचा रकाना मागे वाचत जा. ३ ऑक्टोबरला ड्रायव्हरने लिहिलंय, "कार्लेखिंडीत गाडी ओढत नाही." गाडी उभी राहिली १४ ला. मध्ये अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत फोन करून प्लेट मागवून ठेवली असती, तर गाडी गॅरेजला गेली त्याच दिवशी काम सुरू झालं असतं.

आणखी मागे जा. मधलीचं ॲव्हरेज ऑगस्टमध्ये १२.६ होतं, सप्टेंबरमध्ये १२, ऑक्टोबरमध्ये सव्वाअकरा. क्लच घसरायला लागला की इंजिन फिरतं जास्त आणि चाकापर्यंत ताकद पोचते कमी, डिझेल वाढतं. म्हणजे ड्रायव्हरने तोंड उघडायच्या आधी डिझेलने सांगितलं होतं. शिवाय १२.६ च्या ॲव्हरेजने ३,८२५ किलोमीटरला ३०४ लिटर पुरले असते, लागले ३४०. छत्तीस लिटर, म्हणजे सव्वातीन हजार रुपये एका महिन्यात धुरातून गेले.

ॲव्हरेज बघताना दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करू नका. रस्ता वेगळा, वजन वेगळं. त्याच गाडीचा मागचा महिना बघा. पडलं, तर आधी हवा, एअर फिल्टर, चिकटलेला ब्रेक बघा. चाकं उचलून हाताने फिरवली की ब्रेक धरतोय का ते लगेच कळतं. आणि डिझेलचोरीचा संशय आला तर भांडू नका, आठवडाभर दोन ड्रायव्हरच्या गाड्या अदलाबदल करा. खराब ॲव्हरेज गाडीबरोबर राहिलं तर दोष गाडीचा. ड्रायव्हरबरोबर दुसऱ्या गाडीत गेलं तर बोलायचं कोणाशी ते ठरलं. संशय आणि पुरावा यात फरक असतो, चांगला ड्रायव्हर नुसत्या संशयावरून घालवू नका. किनाऱ्यावर रात्री मासळी घेऊन जाणारा भरवशाचा माणूस सहज मिळत नाही.

एका उभ्या दिवसाची किंमत

मधलीची एक फेरी झाली तर ५,००० येतात. त्यातून २० लिटर डिझेलचे १,८०० आणि किरकोळ १५० गेले. ड्रायव्हरचा पगार तर गाडी उभी असली तरी द्यायचाच आहे. म्हणजे एक दिवस उभी राहिली की ३,०५० रुपये बुडाले. हा आकडा कागदावर मोठा लिहून गॅरेजच्या बिलांच्या फाईलवर चिकटवा. मग २०० रुपये वाचवायला एक दिवस जास्त थांबणं किती महाग पडतं ते लक्षात राहील.

वाटेत बंद पडण्याची किंमत तर याहून जास्त. खडी किंवा सिमेंट असेल तर उशीर होतो एवढंच. मासळीचा बर्फ वितळत असतो, आणि मुंबईतला पहाटेचा लिलाव तुमच्या क्लचसाठी थांबत नाही. भाव पडला की व्यापारी पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन करतो, आणि तो फोन कुठल्याच रकान्यात येत नाही.

मग चौथा टेम्पो?

नाही म्हटलेल्या फेऱ्यांचा रकाना काढा. ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या सात फेऱ्यांना तुम्ही नाही म्हणालात. सात म्हणजे धंदा आहेच की! थांबा. तारखा जुळवा. सातपैकी चार फेऱ्या मधली पार्टची वाट बघत होती त्या दिवसांतल्या, दोन तिचा ड्रायव्हर नव्हता त्या दिवसांतल्या. सगळ्या गाड्या कामावर असताना हुकलेली फेरी फक्त एक.

चौथ्या टेम्पोचं गणित मांडू. हप्ता १७,०००, ड्रायव्हर २०,०००, विमा-टॅक्सचे महिन्याला ४,००० धरू. एकूण ४१,०००. नव्या गाडीच्या फेरीतून डिझेल, टोल, देखभाल जाऊन ३,१०० च्या आसपास उरतात. म्हणजे महिन्याला १४ फेऱ्या केल्यावर ती शून्यावर येते. पंधराव्या फेरीपासून तुमचा पहिला रुपया. आणि तुमच्याकडे जास्तीची फेरी आहे एक.

उलट, मधलीचे ते सहा दिवस परत मिळवले तर सहा गुणिले ३,०५०, म्हणजे १८,३०० रुपये. कर्ज नाही, हप्ता नाही. यातले चार दिवस पार्ट आधी मागवून मिळतात. राहिले ड्रायव्हरचे दोन दिवस. त्या दिवशी जुनी उभी ठेवा आणि तिचा ड्रायव्हर मधलीवर पाठवा. जुनीचे डिझेल जाऊन दिवसाला १,३५० बुडतील, मधलीचे ३,०५० मिळतील. फक्त लोकल गिऱ्हाइकाला आदल्या रात्री फोन करून कळवा, सकाळी नाही.

आणि ती जी एक जास्तीची फेरी आहे, ती शेजारच्या टेम्पोवाल्याला द्या, चारशे-पाचशे कमिशन ठेवा. व्यापाऱ्याचा फोन तुमच्याकडेच राहतो. ज्यांच्याकडे अजून एकही गाडी नाही त्यांच्यासाठी तर धंदा सुरू करायचा हा चांगला रस्ता आहे: तीन-चार महिने दुसऱ्यांच्या गाड्या लावून फेऱ्या मोजा, आणि महिन्याला १४-१५ च्या वर पक्क्या फेऱ्या दिसल्या की मगच बँकेची पायरी चढा.

मधली विकायची का, हा प्रश्न आता तुमच्या मनात आला असेल. एका महिन्यावरून ठरवू नका. १९,५०० च्या दुरुस्तीत क्लचचं मोठं काम आहे, ते दर महिन्याला येणार नाही. बारा महिन्यांची दुरुस्ती आणि बारा महिन्यांत उभे राहिलेले दिवस गुणिले ३,०५० यांची बेरीज करा, बाराने भागा. ती रक्कम नव्या गाडीच्या हप्त्याच्या वर सलग राहायला लागली, तर विकायची वेळ आली.

आपल्या किनाऱ्याचं वेळापत्रक

पुण्या-नाशिकच्या सर्व्हिसिंगच्या पुस्तकात खारं पाणी नसतं. आपल्याकडे बर्फ वितळून मासळीचं खारट पाणी हौद्यातून गळतं, ते चेसी, पाटे, ब्रेक पाईप, वायरींची जोडणी यांवर पडतं. गंज हळूहळू चढतो आणि एक दिवस ब्रेक पाईप फुटतो. दोन स्वस्त उपाय: हौद्यातलं पाणी एका नळीने चेसीपासून लांब सोडायचं, आणि मुंबईहून आल्यावर नुसता हौदा न धुता गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची. धुतलं की वहीत टिक करा. ज्याची टिक नाही ते झालेलं नाही असं धरा.

मोठी कामं कधी? मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, हे दोन महिने देवाने दिलेत. इंजिन, गिअरबॉक्स, सीट, वायरिंग तेव्हा करा. पण खालून गंजरोधक रंग मारायचा असेल तर तो मेमध्येच, कोकणच्या पावसात पत्रा कोरडा होत नाही आणि ओल्यावर मारलेला रंग गंज आत कोंडून ठेवतो. गॅरेजवाल्याला एप्रिलमध्येच सांगून ठेवा, जूनमध्ये सगळ्यांचेच टेम्पो त्याच्या दारात असतात. फिटनेसची तारीख हंगामाच्या मध्यात येत असेल तर ती वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहा आणि महिनाभर आधी कामाला लागा. पेणच्या आरटीओच्या फेऱ्यांत गेलेला दिवसही ३,०५० चाच असतो.

मांडवा जेट्टीवरून अलिबाग-मुरूडला पर्यटक नेणाऱ्यांचं किंवा मिनीडोर चालवणाऱ्यांचं कॅलेंडर वेगळं. तुमचा हंगाम म्हणजे शनिवार-रविवार आणि सुट्ट्या, म्हणून सर्व्हिसिंग मंगळवार-बुधवारी. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद झाल्या की गिऱ्हाईक कमी होतं, मोठं काम तेव्हा काढा. वही तीच, फक्त "फेरी"च्या जागी "दिवसाचं कलेक्शन" लिहा.

या आठवड्याचं काम

सोमवारी सकाळी सगळ्या गाड्यांच्या टाक्या फुल करा, मीटरचे फोटो काढा, पाच कारणं वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहा. रोज रात्री दहा मिनिटं, जेवणानंतर. रविवारी तक्रारींचा रकाना एकदा वरपासून खाली वाचायचा आणि प्रत्येक तक्रारीपुढे एकच गोष्ट लिहायची: कोणता पार्ट, कोणाला फोन, कधी. बेल्ट, ब्रेक पाईप, होज पाईप, फिल्टर, व्हील बेअरिंग एवढं तर घरात असूच द्या, काही हजारांचा माल आहे.

टायरचा हिशोब मुद्दाम बाजूला ठेवलाय. कोणता टायर कुठल्या चाकाला, किती किलोमीटरला फिरवायचा आणि रिमोल्ड कधी परवडतो, हे पुढच्या भागात बघू. तोपर्यंत आत्ता गाडीवर असलेल्या प्रत्येक टायरचा नंबर आणि आजचं मीटर लिहून ठेवा, त्याशिवाय पुढचा हिशोब करता येणार नाही.